मुखपृष्ठावरचा चेहरा कोणाचा?

एकाच मासिकाचे एकच मुखपृष्ठ, शेजारी शेजारी तीन वेळा मांडलेले. मासिकाचे नाव तेच, कडेला छापलेले लेखांचे मथळे तेच. पहिल्या चौकटीत मूळ मॉडेल आहे. दुसऱ्या चौकटीत तिच्या जागी दुसरीच मुलगी आली आहे, पण रंगभूषा, केसांचे वळण, ओठांची ठेवण आणि मानेचा कल असा उचलला आहे की घाईत पाहणाऱ्याच्या लक्षातही येऊ नये. तिसऱ्या चौकटीत तीच मुलगी आहे, मात्र आता तिने चेहरा वेडावाकडा केला आहे. शाळेत वर्गाचे छायाचित्र काढताना एखादे वात्रट पोर ऐन वेळी तोंड करते, तसा. मासिकाला काही झालेले नाही. मथळे पूर्वीइतक्याच गांभीर्याने सौंदर्याचे आणि सुखी संसाराचे सल्ले देत आहेत. पण ते सल्ले आता गंभीरपणे वाचता येत नाहीत.

‘कव्हर गर्ल्स’ नावाची ही छायाचित्रमालिका अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात, बफेलो येथील स्टेट कॉलेजात शिकणाऱ्या सिंडी शर्मन या विद्यार्थिनीने १९७५-७६ मध्ये केली. तेव्हा त्यांचे वय एकवीस-बावीस वर्षांचे होते. मालिकेसाठी त्यांनी पाच मासिके निवडली : व्होग, कॉस्मोपॉलिटन, मादम्वाझेल, रेडबुक आणि फॅमिली सर्कल. पुढे शर्मन जगातील अग्रगण्य छायाचित्रकारांपैकी एक ठरल्या आणि त्यांच्या एका छायाचित्राला २०११ मध्ये ख्रिस्टीजच्या लिलावात ३८ लाख ९० हजार डॉलरची किंमत आली. छायाचित्राला मिळालेली ती त्या वेळची सर्वोच्च किंमत होती. या प्रसिद्धीत महाविद्यालयातील ही धडपड बराच काळ झाकली गेली. वास्तविक फॅशन मॉडेल, प्रसारमाध्यमे आणि ओळख यांच्या नात्याविषयी नंतरच्या पन्नास वर्षांत जे वाद झाले, कायदे झाले आणि आज कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे जे प्रश्न उभे राहिले आहेत, त्यांचे बीज या पंधरा चौकटींत दिसते.

नापास झालेली विद्यार्थिनी

शर्मन यांचा जन्म १९५४ चा, न्यूजर्सीतील ग्लेन रिज गावचा. बालपण न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर गेले. १९७२ मध्ये त्या बफेलोला आल्या त्या चित्रकला शिकण्यासाठी. छायाचित्रणाचा विषय अभ्यासक्रमात अनिवार्य होता आणि पहिल्या प्रयत्नात त्या त्यात चक्क नापास झाल्या. कारण कलेचे नव्हते, तंत्राचे होते. अंधारखोलीतील कामे आणि छपाईची तांत्रिक अंगे त्यांना जमेनात. दुसऱ्या खेपेस बार्बरा जो रेव्हेल या शिक्षिका भेटल्या. छायाचित्र किती नीटनेटके छापले आहे यापेक्षा ते काय सांगते याला महत्त्व देणारी संकल्पनात्मक कला त्यांच्यामुळे शर्मन यांना उमगली. जे हुबेहूब रंगवायला कित्येक दिवस जातात ते कॅमेरा क्षणात टिपतो, मग आपण वेळ कल्पनेसाठी का खर्च करू नये, या विचाराने त्यांनी कुंचला बाजूला ठेवला.

वर्गाबाहेरचे वातावरणही पोषक होते. १९७४ मध्ये रॉबर्ट लाँगो, चार्ल्स क्लाव आणि त्यांच्या सोबत्यांनी बफेलोतील बर्फाच्या एका जुन्या कारखान्याच्या इमारतीत ‘हॉलवॉल्स’ हे कलाकेंद्र सुरू केले. शर्मन या मंडळींपैकीच एक. बाहेरगावचे कलावंत तेथे येत, बोलत, प्रदर्शने भरवीत. शर्मन यांना जुन्या कपड्यांच्या दुकानांतून पोशाख आणि टोप गोळा करण्याचा आणि घरी आरशासमोर बसून वेगवेगळ्या व्यक्ती होण्याचा छंद होता. कधीकधी त्या अशाच वेशात एखाद्या प्रदर्शनाच्या उद्घाटनालाही जात. हे नुसते करून सोडून देऊ नकोस, त्याची छायाचित्रे काढ, असे लाँगो यांनी त्यांना सुचवले.

वर्गातील एका कामासाठी १९७५ मध्ये त्यांनी तेवीस छायाचित्रांची एक ओळ केली. पहिल्या छायाचित्रात चष्मा लावलेली, साधीशी, कोणत्याही महाविद्यालयात दिसावी अशी मुलगी आहे. एकेका छायाचित्रागणिक चष्मा जातो, भुवया बदलतात, ओठ रंगतात आणि शेवटी हातात सिगारेट धरलेली मोहक ललना समोर येते. छायाचित्रे कृष्णधवल असून वर हाताने रंग दिला आहे. ‘अनटायटल्ड ४७९’ या रूक्ष नावाने आज ओळखले जाणारे हे काम पाहिले म्हणजे ‘कव्हर गर्ल्स’कडे जाणारी वाट स्पष्ट दिसते. साधी मुलगी आणि ललना यांच्यामध्ये दोन वेगळी माणसे नाहीत, तेवीस पायऱ्या आहेत आणि त्या प्रत्येकीला चढता येतात. मग मासिकाच्या मुखपृष्ठावरच्या स्त्रीपर्यंत पोहोचायला अशा किती पायऱ्या लागतील, हा पुढचा प्रश्न ओघानेच आला.

मधली चौकट

‘कव्हर गर्ल्स’चे वर्णन पुष्कळदा ‘मासिकांची टिंगल’ असे केले जाते. ते अपुरे आहे. नुसती टिंगलच करायची असती तर पहिली आणि तिसरी चौकट पुरली असती. मूळ मुखपृष्ठ आणि त्याचे विडंबन, विनोद संपला. या मालिकेचे मर्म मधल्या चौकटीत आहे आणि तीच करायला सर्वांत अवघड आहे.

मधल्या चौकटीत शर्मन प्रामाणिकपणे मॉडेल होऊ पाहतात. त्यासाठी त्यांना मूळ मुखपृष्ठ वाचकासारखे नव्हे, एखाद्या कारागिरासारखे तपासावे लागले असणार. प्रकाश कोठून येतो, गालाच्या हाडाखाली गडद छटा कोठे दिली आहे, हनुवटी किती खाली आहे, नजर भिंगाकडे आहे की किंचित वर. मुखपृष्ठावरचे सौंदर्य म्हणजे निसर्गाचे देणे नसून कृतींची एक यादी आहे, हे ही चौकट सिद्ध करते. यादी पाळली की ‘ती’ होता येते. आणि तसे होता येते हे कळल्यावर पहिल्या चौकटीतील मूळ मॉडेलकडे पुन्हा पाहिले, की तीही कोणाचे तरी अनुकरण करीत आहे असे वाटू लागते. तिसरी चौकट मग केवळ विनोद राहत नाही. मुखवटा घालणाऱ्या व्यक्तीने, मी आत आहे बरे का, असे सांगण्यासाठी केलेली ती खूण ठरते.

हे सारे संगणकाविना झाले, हेही लक्षात ठेवायला हवे. आपला चेहरा रंगवायचा, स्वतःच स्वतःचे छायाचित्र काढायचे आणि ते मुखपृष्ठावर नेमके बसवायचे, असा हा हातमागाचा उद्योग होता.

योगायोग असा, की याच सुमारास विद्वानांच्या जगातही हाच विषय ऐरणीवर आला होता. जॉन बर्जर यांनी १९७२ मध्ये बीबीसीवरील ‘वेज ऑफ सीइंग’ या मालिकेत चित्रांतील आणि जाहिरातींतील स्त्री कोणाच्या नजरेसाठी उभी असते, असा प्रश्न विचारला. १९७५ मध्ये ‘स्क्रीन’ या ब्रिटिश नियतकालिकात लॉरा मल्व्ही यांचा चित्रपटातील पुरुषी नजरेची चिकित्सा करणारा प्रसिद्ध निबंध आला. समाजशास्त्रज्ञ अर्व्हिंग गॉफमन यांचा ‘जेंडर ॲडव्हर्टाइझमेंट्स’ हा अभ्यास १९७६ चा. गॉफमन यांनी जाहिरातींतील छायाचित्रे रांगेने मांडून त्यांतील सवयी टिपल्या. स्त्रीची मान कललेली असते, गुडघा किंचित वाकलेला असतो. तिची बोटे वस्तू घट्ट पकडत नाहीत, नुसती तिच्यावरून फिरतात. तिची नजर अनेकदा प्रसंगातून निघून गेलेली असते. पुरुषाला याच मुद्रेत उभे केले तर तो हास्यास्पद दिसेल. वाचकांनी घरातील कोणतेही फॅशनचे मासिक उघडून हा प्रयोग करून पाहण्यासारखा आहे. गॉफमन यांनी जे शब्दांत मांडले ते बफेलोतील ही मुलगी त्याच दिवसांत आरशासमोर बसून, एकेक मुद्रा स्वतःच्या चेहऱ्यावर चढवून पाहत होती. आपण सिद्धांत वाचून काम करीत नव्हतो, असे शर्मन यांनी नंतर अनेकदा सांगितले आहे आणि त्यावर अविश्वास दाखवण्याचे कारण नाही.

कलेच्या क्षेत्रात मात्र त्या एकट्या नव्हत्या. कॅनडात काम करणाऱ्या सूझी लेक यांनी १९७३ मध्ये ‘शॅटलेन’ या तेथील महिला मासिकाच्या नावावरून ‘मिस शॅटलेन’ ही मालिका केली होती. लेक यांचा आपल्यावरील प्रभाव शर्मन मोकळेपणाने मान्य करतात. एलिनॉर अँटिन यांनी १९७२ मध्ये आहार कमी करीत रोज स्वतःच्या शरीराची छायाचित्रे घेतली. १४८ छायाचित्रांच्या त्या कामाला त्यांनी ‘कार्व्हिंग’, म्हणजे कोरीवकाम, असे नाव दिले. कोरले जाणारे दगड नव्हते, शरीर होते.

मॉडेललाही नाव असते

या मालिकेची एक मर्यादा सांगायलाच हवी. पहिल्या चौकटीतील मॉडेलचे काय? शर्मन यांच्या खेळात ती केवळ साचा आहे. वास्तविक नेमक्या त्याच काळात अमेरिकेतील मॉडेल साचा राहण्याचे नाकारू लागल्या होत्या.

व्होगच्या अमेरिकन आवृत्तीच्या मुखपृष्ठावर पहिली कृष्णवर्णीय मॉडेल आली ती ऑगस्ट १९७४ मध्ये, म्हणजे शर्मन यांच्या मालिकेच्या जेमतेम वर्षभर आधी. बेव्हर्ली जॉन्सन हे त्यांचे नाव. छायाचित्र फ्रान्सेस्को स्काव्हुलो यांचे होते. कॉस्मोपॉलिटनची मुखपृष्ठे वर्षानुवर्षे याच स्काव्हुलो यांच्या कॅमेऱ्यातून उतरत होती. एक छायाचित्रकार, एक ठराविक प्रकाश, एक ठराविक पवित्रा आणि दर महिन्याला बदलणारी मुलगी, असा तो कारखाना होता. दातांमधील फट मेणाने बुजवून सुरुवातीची छायाचित्रे देणाऱ्या लॉरेन हटन यांनी १९७३ मध्ये रेव्हलॉन या प्रसाधन कंपनीशी विशेष करार करून मॉडेलच्या मोबदल्याचे गणितच बदलले. त्यांची ती फट पुढे त्यांची ओळख बनली. १९७५ च्या जूनमध्ये ‘टाइम’ साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर नव्या सौंदर्यवतींची प्रतिनिधी म्हणून झळकल्या त्या मार्गो हेमिंग्वे, कादंबरीकार हेमिंग्वे यांची नात. एका अत्तराच्या प्रसिद्धीसाठी त्यांच्याशी झालेला करार दहा लाख डॉलरचा होता. मद्याच्या नावावरून त्यांनी आपल्या नावाचे स्पेलिंगही बदलून घेतले होते. म्हणजे चेहरा विकता विकता या स्त्रिया नावही मिळवीत होत्या, प्रसंगी ते नव्याने घडवीत होत्या. शर्मन यांच्या चौकटीत हा झगडा नाही. तो दिसण्यासाठी कॅमेरा मॉडेलच्याच हाती जावा लागला. तसे घडले २००९ मध्ये, सारा झिफ या मॉडेलच्या ‘पिक्चर मी’ या माहितीपटात. पडद्यामागे काढलेल्या त्या चित्रणात कोवळ्या वयातील मुलींची कर्जे, लांबलेले कामाचे तास आणि लैंगिक छळ यांविषयी मॉडेल स्वतः बोलतात. झिफ यांनी नंतर २०१२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये ‘मॉडेल अलायन्स’ ही संघटना स्थापन केली.

बसमधील प्रवासी

विद्यार्थीदशेतील दुसऱ्या एका मालिकेने मात्र शर्मन यांना आजतागायत सोडलेले नाही. १९७६ च्या ‘बस रायडर्स’मध्ये त्यांनी बफेलोच्या बसमधील प्रवाशांची सोंगे घेतली. म्हातारी, शाळकरी मुलगी, कामावर निघालेला पुरुष असे अनेक जण त्यात आहेत. पार्श्वभूमी बसची नाही, साध्या खोलीची आहे. एक खुर्ची आहे आणि जमिनीवर कॅमेऱ्याची कळ दाबणारी केबल पडलेली स्पष्ट दिसते. सोंग हे सोंगच आहे, हे लपवण्याचा प्रयत्न नाही.

या प्रवाशांत काही कृष्णवर्णीय आहेत आणि त्यांच्यासाठी शर्मन यांनी चेहऱ्याला काळा रंग फासला आहे. अमेरिकेत गोऱ्या नटांनी काळा रंग फासून कृष्णवर्णीयांची टवाळी करण्याचा दीर्घ आणि लाजिरवाणा इतिहास आहे. ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये २००५ मध्ये समीक्षक मार्गो जेफरसन यांनी या छायाचित्रांवर नेमके बोट ठेवले. गोऱ्या प्रवाशांना शर्मन यांनी वेगवेगळे व्यक्तिमत्त्व दिले आहे, कृष्णवर्णीयांचा रंग मात्र एकाच डबीतून आला आहे, असा त्यांच्या आक्षेपाचा आशय होता. २०१५ मध्ये समाजमाध्यमांवर हा वाद पुन्हा पेटला.

विद्यार्थिनीचे काम म्हणून याकडे काणाडोळा करावा, असे म्हणणारे आहेत. प्रस्तुत लेखकाला ते पटत नाही. ‘कव्हर गर्ल्स’मध्ये शर्मन ज्या मुखवट्याशी खेळतात तो त्यांच्यावर, त्यांच्या वयाच्या आणि वर्णाच्या मुलींवर लादलेला होता. त्यामुळे तो ओरबाडून काढण्याचा अधिकारही त्यांचा होता. बसमधील कृष्णवर्णीय स्त्रीचा मुखवटा त्यांच्यावर कोणी लादला नव्हता, तो त्यांनी उचलला. पहिल्या मालिकेत जे हत्यार वरच्या दिशेने चालते ते दुसरीत खाली वळते. एकाच विद्यार्थिनीच्या, एकाच वर्षाच्या कामात हे दोन्ही सापडावे, हे छायाचित्रणाच्या विद्यार्थ्यांनी मुद्दाम पाहण्यासारखे आहे.

फॅशनने केलेले स्वागत

१९७६ मध्ये पदवी घेऊन पुढच्या वर्षी शर्मन न्यूयॉर्कला गेल्या. ‘आर्टिस्ट्स स्पेस’ या कलासंस्थेत स्वागतिका म्हणून काम करताना त्या कधी परिचारिका, कधी पन्नाशीच्या दशकातील सेक्रेटरी होऊन येत. तेथेच १९७७ ते १९८० या काळात ‘अनटायटल्ड फिल्म स्टिल्स’ ही त्यांची कीर्ती झालेली मालिका आकाराला आली. कधीही न निघालेल्या चित्रपटांतील दृश्ये वाटावीत अशी ही कृष्णधवल छायाचित्रे न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने १९९५ मध्ये एकगठ्ठा विकत घेतली. त्यांच्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे, येथे पुनरुक्ती नको.

आपल्या विषयाच्या दृष्टीने अधिक बोलका आहे तो फॅशन उद्योगाचा प्रतिसाद. ज्या जगाला त्यांनी तोंड वेंगाडून दाखवले त्या जगानेच त्यांना काम देऊ केले. १९८३ मध्ये न्यूयॉर्कच्या डायन बेन्सन यांच्या कपड्यांसाठी ‘इंटरव्ह्यू’ मासिकात त्यांनी जाहिराती केल्या. १९८४ मध्ये फ्रेंच व्होगसाठी एका फ्रेंच कंपनीचे कपडे आले. कंपनीला काहीतरी गमतीदार हवे होते. शर्मन यांनी थकलेल्या, ओरखडे उमटलेल्या, मन ठिकाणावर नसलेल्या स्त्रिया उभ्या केल्या. कपड्यांच्या मालकांना ती छायाचित्रे रुचली नाहीत आणि त्यांच्या नापसंतीने शर्मन यांना आणखी चेव आला. नंतरच्या काळात उद्योग शहाणा झाला. जपानी डिझायनर रेई कावाकुबो यांच्या ‘कॉम दे गार्सों’ने १९९४ मध्ये, बालेन्सियागाने २००७ मध्ये, मॅक या प्रसाधन कंपनीने २०११ मध्ये त्यांना बोलावले आणि त्यांची विरूप पात्रे आनंदाने छापली. विरोध पचवून त्याचीच जाहिरात करण्याची फॅशनची ताकद शर्मन यांच्या कॅमेऱ्यापेक्षा कमी नव्हे, हे यातून दिसले.

कात्री संपादकांच्या हाती

१९७५ मध्ये एका विद्यार्थिनीने एकीचे मुखपृष्ठ आणि दुसरीचा चेहरा जोडला तेव्हा ती कला होती. पुढे तेच काम मासिकांनी केले, पण न सांगता. ऑगस्ट १९८९ मध्ये अमेरिकेतील ‘टीव्ही गाइड’च्या मुखपृष्ठावर निवेदिका ओप्रा विन्फ्री यांचा चेहरा अभिनेत्री ॲन-मार्गरेट यांच्या धडावर बसवण्यात आला. ॲन-मार्गरेट यांच्या दहा वर्षांपूर्वीच्या छायाचित्रावरून ते चित्र तयार केले होते. दोघींपैकी कोणालाही विचारले नव्हते. पोशाख ओळखीचा निघाला आणि प्रकरण उघडकीस आले.

त्याहून मासलेवाईक उदाहरण शर्मन यांच्या पाच मासिकांपैकीच एकाचे आहे. रेडबुकने जुलै २००३ च्या अंकावर अभिनेत्री ज्युलिया रॉबर्ट्स यांचे छायाचित्र छापले. मान एका समारंभातील, धड काही वर्षांपूर्वीच्या दुसऱ्याच समारंभातील. व्यक्ती तीच होती, एवढीच काय ती सचोटी. जुलै २००७ मध्ये याच मासिकाच्या मुखपृष्ठावर गायिका फेथ हिल होत्या. मूळ छायाचित्र जेझबेल या संकेतस्थळाने शेजारी प्रसिद्ध केले, तेव्हा डोळ्यांच्या कडेच्या सुरकुत्या आणि दंडाची जाडी छपाईपूर्वी कोठे गेली ते सर्वांना दिसले. मूळ प्रतिमा आणि बदललेली प्रतिमा शेजारी शेजारी ठेवणे ही शर्मन यांचीच रीत. फरक इतकाच, की येथे खोटी चौकट मासिकाने आधी विकली होती.

कायद्याने यात लक्ष घातले ते उशिराच. इस्रायलने २०१२ मध्ये संमत केलेल्या कायद्यानुसार, संगणकावर मॉडेलचे शरीर बारीक केले असल्यास जाहिरातीत तसे सांगणे बंधनकारक झाले. फ्रान्समध्ये १ ऑक्टोबर २०१७ पासून अशा जाहिरातींवर ‘छायाचित्रात बदल केला आहे’ अशी सूचना द्यावी लागते. नॉर्वेने २०२१ मध्ये याच प्रकारचा कायदा केला आणि समाजमाध्यमांवर पैसे घेऊन जाहिरात करणाऱ्या व्यक्तींनाही त्याच्या कक्षेत आणले. हे कायदे मुख्यतः जाहिरातींना लागू आहेत. मासिकाचे मुखपृष्ठही अखेर मासिकाची जाहिरातच असते, हा मुद्दा मात्र वाऱ्यावर राहिला.

आता प्रश्न बदललेल्या चेहऱ्याचा राहिलेला नाही, नसलेल्या चेहऱ्याचा आहे. अमेरिकन व्होगच्या ऑगस्ट २०२५ च्या अंकात गेस या कंपनीची जाहिरात आली. तीतील मॉडेल कृत्रिम बुद्धिमत्तेने तयार केलेली होती. कोपऱ्यात बारीक अक्षरांत तसे नमूद केले होते. वाचकांनी नाराजी व्यक्त केली, मॉडेलिंग करणाऱ्या तरुणींनी पोटावर पाय येत असल्याचे सांगितले. त्यापूर्वीच, डिसेंबर २०२४ मध्ये न्यूयॉर्क राज्यात ‘फॅशन वर्कर्स ॲक्ट’ हा कायदा झाला आणि जून २०२५ पासून तो अमलात आला. मॉडेल अलायन्सने त्यासाठी पाठपुरावा केला होता. मॉडेलची संगणकीय प्रतिकृती वापरायची असेल तर तिची स्पष्ट, लेखी संमती घ्यावी लागेल, असे त्यात म्हटले आहे. आपला चेहरा आपला आहे, हे सांगायला स्वतंत्र कलम लागावे, अशी वेळ आली आहे.

मळवलीची लक्ष्मी

दुसऱ्याच्या प्रतिमेत स्वतः जाऊन उभे राहण्याची ही रीत भारतात सर्वांत ठसठशीतपणे वापरली ती बंगळूरच्या पुष्पमाला एन. यांनी. शर्मन यांच्याशी त्यांची तुलना नेहमी होते, पण पुष्पमाला यांचा पिंड वेगळा आहे. बडोद्याला शिल्पकला शिकलेल्या पुष्पमाला यांची ‘फँटम लेडी ऑर किस्मत’ ही छायाचित्रकथा १९९६ ते १९९८ या काळातील. ती घडते मुंबईत, तिच्यात हंटरवाली नादिया यांना सलाम आहे आणि तिच्यातील जुळ्या बहिणींच्या दोन्ही भूमिका पुष्पमाला यांनीच केल्या आहेत.

छायाचित्रकार क्लेअर आर्नी यांच्यासह २००० ते २००४ या काळात त्यांनी ‘नेटिव्ह विमेन ऑफ साउथ इंडिया’ हा मोठा प्रकल्प केला. त्यात त्या फॅशनच्या मासिकांकडे गेल्या नाहीत. आपल्याकडे स्त्री कशी दिसावी हे मासिकांच्या कितीतरी आधी कॅलेंडरांनी, देवांच्या तसबिरींनी आणि चित्रपटांनी ठरवले होते, हे त्यांनी ओळखले. म्हणून त्या राजा रविवर्म्याची लक्ष्मी झाल्या, चित्रपटातील नायिका झाल्या, इंग्रज अभ्यासकांनी मोजमापासाठी उभी केलेली आदिवासी स्त्री झाल्या. इतकेच काय, वृत्तपत्रात छापून आलेल्या, सोनसाखळी चोरताना पकडल्या गेलेल्या दोन स्त्रियांच्या छायाचित्राचीही त्यांनी पुनर्निर्मिती केली. वृत्तपत्रात काम करणाऱ्याला हे शेवटचे छायाचित्र पाहताना अवघडल्यासारखे होते. अटकेतील माणसांना पोलिसांसह रांगेत उभे करून छायाचित्र काढण्याची पद्धत आपल्या सवयीची आहे. मॉडेलची मुद्रा जशी कोणीतरी ठरवते तशी आरोपीचीही ठरवली जाते, हे एरवी मनात येत नाही.

आणि रविवर्म्याची ती लक्ष्मी मूळची आपल्याच परिसरातली. मुंबईत सुरू होऊन पुढे लोणावळ्याजवळ मळवली येथे हललेल्या छापखान्यातून निघालेल्या तसबिरींनी घराघरांतील देव्हाऱ्यांना चेहरे दिले. रविवर्म्याच्या चित्रांसाठी गोव्याच्या घराण्यातील गायिका अंजनीबाई मालपेकर यांच्यासह काही स्त्रिया बसल्या होत्या, असे सांगितले जाते. लाखो लोकांनी ज्या मुद्रांपुढे हात जोडले त्यांत कोणाचा चेहरा आहे, हे तसबिरीवर कधी छापले गेले नाही.

पाच मासिकांचे पुढे काय झाले

शर्मन यांनी निवडलेल्या मासिकांपैकी मादम्वाझेल २००१ मध्ये बंद पडले. रेडबुकची छापील आवृत्ती २०१९ च्या आरंभी थांबली, फॅमिली सर्कल त्याच वर्षाच्या अखेरीस. ‘कव्हर गर्ल्स’चे मात्र उलट झाले. शर्मन यांनी २०११ मध्ये या चौकटी नव्याने छापून घेतल्या. व्हिएन्नातील व्हर्बुंड संग्रहाने २०१२ मध्ये त्यांच्या विद्यार्थीदशेतील कामाची समग्र सूची प्रसिद्ध केली. २०१९ च्या उन्हाळ्यात लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीत त्यांचे मोठे प्रदर्शन भरले तेव्हा पाचही मुखपृष्ठांचे संच पहिल्यांदाच एकत्र मांडले गेले. आपण काढतो ती आत्मचित्रे नव्हेत, असे आयुष्यभर सांगत आलेल्या बाईंचे प्रदर्शन व्यक्तिचित्रांच्या संग्रहालयात व्हावे, यातील गंमत गॅलरीच्या धुरिणांच्याही ध्यानात आली असेलच.

दरम्यान, २०१७ मध्ये शर्मन यांनी आपले इन्स्टाग्रामचे खाते सर्वांसाठी खुले केले. चेहरा गोरा, गुळगुळीत आणि निमुळता करून देणारी जी ॲप आज कोणाच्याही मोबाइलमध्ये असतात, तीच त्यांनी वापरली. फक्त त्यांतील प्रत्येक सरकपट्टी टोकापर्यंत नेली. डोळे बशीएवढे झाले, हनुवटी टोकदार झाली, कातडी प्लास्टिकसारखी चकाकू लागली. मधली चौकट आता मोबाइल आपोआप करून देतो. तिसरी करण्यासाठी बोट आणखी थोडे पुढे सरकवावे लागते.